आलेखातला उंचवटा

पिंपरणीच्या मनोरुग्णालयात बायकांच्या सात नंबरच्या वॉर्डात सकाळी चादरी बदलायला जाणाऱ्या आयांनी कौसाबाईची चादर कधीच सोडून दिली होती. उजाडायच्या आधीच ती चादर पिळून तिचा दोर झालेला असे. त्या दोराने उशी, जेवणाचं ताट, शेजारणीचं लुगडं, हाताला लागेल ते कौसाबाईने आवळून बांधलेलं असे. मग ती मोळी डोक्यावर घेऊन ती दाराशी उभी राही आणि गाडी कुठं लागलीय, असं प्रत्येकाला विचारी. ऊसतोडीच्या फडातून तिला इथे आणून सोडल्याला नऊ वर्षं झाली होती. कागदावर वय एक्कावन्न, निदान स्किझोफ्रेनिया. नवरा पहिल्या वर्षी दोनदा आला, नंतर फिरकला नाही. मुलगी मात्र दर दिवाळीआधी, टोळी कारखान्यावर निघायच्या सुमारास, येऊन जात असे. कौसाबाई तिला नर्स समजे.

डॉ. केतकी उंबरकर त्या वॉर्डात आली ती २०४१च्या जूनमध्ये. ती मनोविकारतज्ज्ञ होती, पण गेली काही वर्षं तिचं काम रुग्ण तपासण्यापेक्षा रुग्ण मोजण्याचं झालं होतं. मनोरुग्णालयांत वेडे म्हणून दाखल झालेल्या माणसांपैकी किती जणांना खरं तर स्मृतिभ्रंश आहे, हे सरकारला हवं होतं. अशा रुग्णांना वेगळ्या शुश्रूषागृहात हलवायचं ठरत होतं. वरवर पाहून हे कळत नाही. वर्षानुवर्षं गुंगीची औषधं घेतलेला माणूसही विसरतो, बोलायचा थांबतो, कपड्यात लघवी करतो. गोळ्यांनी मंदावलेला कोण आणि मेंदूच झिजत चाललेला कोण, हे मोठमोठ्या डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येत नसे.

आता ते सांगणारं यंत्र आलं होतं. आकाराने शिवणयंत्राएवढं. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला 'घड्याळ' म्हणत. त्यामागची कल्पना तशी सोपी आहे. शरीरातली कुठलीही पेशी मरते तेव्हा तिच्यातल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येऊन पडतात. त्या तुकड्यांवर रासायनिक खुणा असतात. ही पेशी यकृताची, ही मेंदूतल्या स्मृतीच्या केंद्राजवळची, हे त्या खुणांवरून ओळखता येतं. शिवाय माणसाच्या आयुष्यात जे जे घडत जातं, त्याचे थर या खुणांवर चढत जातात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे. दुष्काळाच्या वर्षीचं वर्तुळ अरुंद असतं, तसंच हे. घड्याळ हे थर वाचून एक वक्ररेषा काढून देई: या माणसाच्या स्मृतिपेशींची पडझड कधी सुरू झाली, किती वेगाने चालली आहे, आणि अशीच चालली तर कुठवर जाईल. चूक झालीच तर वर्षभराची.

केतकीने महिनाभरात सगळ्या वॉर्डांचं रक्त तपासून घेतलं. पुरुषांचा आलेख तिला अपेक्षित होता तसाच निघाला. पन्नाशीच्या आसपास दारूने पोखरलेल्यांची एक छोटी टेकडी, मग सपाटी, आणि सत्तरीनंतर म्हातारपणाचा मोठा चढ. बायकांच्या आलेखात सत्तरीनंतरचा चढ होताच. पण त्याच्या कितीतरी आधी, बेचाळीस ते पंचावन्नच्या मध्ये, एक भलाथोरला उंचवटा उभा होता. या वयाच्या बायकांना इतक्या संख्येने स्मृतिभ्रंश होत नाही. तिला वाटलं यंत्र बिघडलं. तिने दुसरं यंत्र मागवून पुन्हा तपासलं. उंचवटा हलला नाही.

मग तिने त्या बायकांच्या बाकीच्या गोष्टी ताडून पाहिल्या. बहुतेकींना घरच्यांनी 'डोक्यात बिघाड झाला' म्हणून आणून सोडलं होतं. शिक्षण नाही, दारू नाही, घराण्यात असं कुणाला झाल्याचं नाही. जवळजवळ सगळ्या ऊस तोडणाऱ्या. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच तालुक्यातल्या, धामणखेडच्या.

धामणखेड हे केतकीचं गाव. तिचं बालपण तिथे गेलं होतं. तिचे वडील, डॉ. मुकुंद उंबरकर, तिथले सर्जन. आख्खा तालुका त्यांना आप्पा म्हणत असे, आणि तीही.

घड्याळाच्या रेषेत आणखी एक गोष्ट दिसत होती, जिच्याकडे तिने आधी लक्ष दिलं नव्हतं. बाईच्या बीजांडकोशातून जे इस्ट्रोजेन पाझरतं ते फक्त पाळीपुरतं नसतं. मेंदूतल्या पेशींची ते राखणही करतं, विशेषतः स्मृतीच्या. पन्नाशीच्या सुमारास ते हळूहळू आटतं, आणि मेंदूला त्याची सवय करून घ्यायला वेळ मिळतो. या बायकांच्या खुणांमध्ये ते आटलेलं नव्हतं. एखाद्याने नळ बंद करावा तसं एका वर्षी थांबलेलं होतं. कुणाचं सव्विसाव्या वर्षी, कुणाचं तिसाव्या. कौसाबाईचं चोविसाव्या.

ऊसतोडीच्या मुलखात पिशवी काढून घेणं ही काही लपलेली गोष्ट नव्हती. गर्भाशयाला तिकडे पिशवीच म्हणतात. पाळीच्या दिवसांत फडात बसून राहता येत नाही, खाडा परवडत नाही, मुकादमालाही पिशवी काढलेली बाई बरी वाटते. जरा अंगावर गेलं, ओटीपोटात दुखलं की डॉक्टर म्हणत, सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाक. दोन लेकरं झाली की बाया काढून मोकळ्या होत. हे सगळं केतकीला माहीत होतं. पिशवीबरोबर चांगले बीजांडकोशही सरसकट काढले जात होते, हे तिला माहीत नव्हतं. ते काढायला वेळ लागत नाही, आणि पुढची कटकट राहत नाही, एवढंच त्याला कारण होतं.

ती कौसाबाईच्या खाटेशी जाऊन बसली. आजचा वार, कालचं जेवण, मुलीचं नाव, यातलं काहीच कौसाबाईला सांगता आलं नाही. पण स्मृतिभ्रंशात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं बराच काळ टिकून राहतं. केतकीने पोटावरच्या व्रणाबद्दल विचारलं, तसा कौसाबाईचा चेहरा उजळला.

"उंबरकर डाक्टरनं केलं आप्रेशन," ती म्हणाली. "लई गुणाचा माणूस. हात असा हलका, की कळलं सुदिक न्हाई. मला म्हन्ला, बाई, आता तू सुटलीस."

केतकीने तिची चादर सारखी केली.

त्या शनिवारी ती धामणखेडला गेली. आप्पांनी दवाखाना बंद करून सात वर्षं झाली होती. पंचाहत्तरीतही ते ताठ चालत. गावात त्यांचा मान होता तो नुसत्या डॉक्टरकीमुळे नव्हे. केतकीच्या आईला, शैलाताईंना, बावन्नाव्या वर्षी विसराळूपणा सुरू झाला. पुढची दहा वर्षं आप्पांनी तिचं सगळं स्वतः केलं होतं. भरवणं, न्हाऊ घालणं, केस विंचरणं. बाई ठेवा म्हणून सगळे सांगत, ते ऐकत नसत. पुरुषाने बायकोचं करावं तर उंबरकर डॉक्टरांसारखं, असं लोक सुनांच्या देखत मुलांना सांगत. आई गेली तेव्हा केतकी परदेशात शिकत होती. आपण नव्हतो पण आप्पा होते, हा तिच्या मनाला मोठा आधार होता.

आप्पा मागच्या अंगणात जास्वंदीला आळं करत होते. केतकीने आलेख, वयं, तालुका सगळं सांगितलं. कौसाबाईचं नाव घेतलं नाही, पण ती काय म्हणाली ते सांगितलं. आप्पांनी हात धुतले, खुर्ची ओढून घेतली, आणि बराच वेळ डॉक्टरने डॉक्टरशी बोलावं तसं ते बोलले. त्या काळी असंच शिकवलेलं होतं, कॅन्सरची भीती खरी होती, बाया स्वतः हातापाया पडून काढायला लावत, नाही म्हटलं तर दुसऱ्या तालुक्यात जात आणि तिथला माणूस त्यांना मारून ठेवी. आपल्या टेबलावर एकही दगावली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"आप्पा, ओव्हरीज चांगल्या असताना का काढल्या?"

"सगळे काढायचे."

"आईला आजार झाला तेव्हा तुम्ही वाचलं असेल ना? तेव्हा हा संबंध छापून येत होता."

"वाचलं," ते म्हणाले. "ती आजारी पडल्यानंतर मी एकाही बाईच्या ओव्हरीज काढल्या नाहीत. नुसती पिशवी. तेवढं मी पाळलं."

केतकीला इतकं हायसं वाटलं की तिचे डोळे भरून आले. माहीत नव्हतं तोवर केलं, कळल्यावर थांबवलं. असा माणूस चुकलेला असतो, वाईट नसतो. रात्रीचं जेवण तिने स्वतः रांधलं, आप्पांना वाढलं, आणि आईच्या आठवणी निघाल्या तेव्हा दोघंही हसली.

पिंपरणीला परतल्यावर तिने अहवालाला सुरुवात केली. रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. कारखानीस सज्जन गृहस्थ होते. मसुदा वाचून त्यांनी तिला खोलीत बोलावलं आणि सुचवलं की तालुक्यांची नावं न घालता 'प्रदेश अ', 'प्रदेश ब' असं लिहावं. शास्त्रीय निष्कर्षाला त्याने बाधा येत नाही, आणि तिच्या घरालाही त्रास होणार नाही. केतकीने विचार करते म्हणून सांगितलं. खरं तर ती तसंच करण्याच्या बेतात होती.

अडचण एकच होती. ज्या बायकांची पडझड सुरू झालेली नाही किंवा नुकतीच झाली आहे, त्यांना बाहेरून इस्ट्रोजेन दिलं तर ती थांबवता येत होती. मात्र शस्त्रक्रियेनंतर दहाएक वर्षांच्या आत. त्यानंतर पेशी ते औषध ओळखतच नाहीत, उलट अपायच होतो. म्हणजे बाहेर, गावागावांत, अजून चालत्याबोलत्या बायका होत्या, ज्यांना आत्ता सांगितलं तर उपयोग होता, आणि दोन वर्षांनी सांगून नव्हता. 'प्रदेश अ'मधल्या बाईला आपण प्रदेश अ-मध्ये राहतो हे कुठून कळणार?

कौसाबाईची मुलगी आशामती जुलैच्या अखेरीस आली. आईला शुश्रूषागृहात हलवायला नातेवाइकाची संमती लागत होती, म्हणून केतकीनेच तिला बोलावून घेतलं होतं. बत्तीस वर्षांची, उन्हाने रापलेली, शब्द जपून वापरणारी बाई. केतकीने तिला समजेल अशा बेताने सगळं सांगितलं. आईला वेड लागलेलं नाही. मेंदू झिजला आहे, आणि कशामुळे झिजला तेही आता कळलं आहे. आशामती ऐकत होती. नऊ वर्षं गावात तिला वेडीची लेक म्हणत होते, एवढंच ती मध्ये म्हणाली. मग तिने विचारलं, "म्याडम, माही बी पिशवी काढलेली हाय. मला बी हुईल का?"

केतकीने विचारलं कधी काढली, कुठे.

"आठ वर्सं झाली. धाकटा झाला न् दुसऱ्या साली. उंबरकर डाक्टरकडंच. आमच्यात समद्या तिथंच."

आठ वर्षं म्हणजे २०३३. केतकीची आई २०२७ साली आजारी पडली होती. केतकीने मनातल्या मनात वर्षं लावून पाहिली आणि तिच्या छातीवरचं दडपण उतरलं. ती आशामतीला म्हणाली, "तुमची फक्त पिशवी काढलेली असणार. जे काढल्याने मेंदूला अपाय होतो ते तुमच्या पोटात शाबूत असेल. तरी खात्री करून घ्यायची असेल तर थोडं रक्त घेते. पण एक सांगते, जे निघेल ते निघेल. काही जणांना कळून घ्यायचं नसतं."

आशामतीने खिडकीतून आईकडे पाहिलं. कौसाबाई व्हरांड्यात एका आयेला थांबवून काहीतरी विचारत होती.

"घ्या," ती म्हणाली. "पोरं ल्हान हायेत."

यंत्राला निकाल द्यायला अर्धा दिवस लागे. केतकीने संध्याकाळी रेषा उघडली आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिली. चोविसाव्या वर्षापर्यंत सगळं नीट. मग इस्ट्रोजेन थांबलेलं. आटलेलं नाही, थांबलेलं, जसं कौसाबाईचं थांबलं होतं तसंच, त्याच वयात. आणि गेल्या वर्षभरात स्मृतीच्या पेशींची रेषा किंचित खाली कललेली. अजून बाहेरून काही जाणवण्यासारखं नव्हतं, पण कललेली होती.

आपण काय सांगून बसलो होतो ते केतकीला आठवलं. वडिलांवरच्या विश्वासाच्या जोरावर तिने एका बाईला धीर दिला होता.

आशामती धर्मशाळेत उतरली होती. सकाळी ती आली तेव्हा केतकीने तिला काहीही न लपवता सांगितलं, आणि काल मी चुकीचं बोलले असंही सांगितलं. औषध आजपासून सुरू केलं तर बरीच आशा होती, कारण दहा वर्षं झालेली नव्हती. आशामतीने गोळ्या पदराला बांधल्या. कशा घ्यायच्या ते तिने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "तुमाला कसं वाटलं की ते शाबूत आसल?"

"उंबरकर डॉक्टर माझे वडील आहेत," केतकी म्हणाली. "त्यांनी मला तसं सांगितलं होतं."

आशामतीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. नवखं माणूस दारात आलं की आपण त्याला जसं निरखतो, तसं ती निरखत होती. मग ती उठली.

अहवालात केतकीने तालुक्याचं नाव घातलं. डॉक्टरांची नावं अशा अहवालात येत नाहीत, पण धामणखेडमध्ये त्या वर्षांत शस्त्रक्रिया करणारा सर्जन एकच होता. छापून आल्यावर आठवड्याभरात सगळ्यांना कळायचं ते कळलं.

पुढे जे झालं ते तिने कल्पिलं होतं त्याहून निराळं होतं. सरकारने तालुक्याच्या ठिकाणी तपासणीची शिबिरं लावली. पहिल्या शिबिराला मांडव भरेल एवढ्या बायका येतील अशी तयारी होती. आल्या थोड्या. पिशवीने डोकं जातं यावर बऱ्याच जणींचा विश्वासच नव्हता. एक म्हातारी केतकीला म्हणाली की डाक्टरनं आमचं भलंच केलं, त्यानं पिशवी काढली नसती तर लेकरं काय खाऊन मोठी झाली असती? कुणीतरी बातमी उठवली की ही मुलगी बापाशी इस्टेटीवरून भांडली आहे. गावातल्या प्रतिष्ठितांनी आप्पांच्या पाठिंब्याचं पत्रक काढलं. त्यात त्यांनी बायकोची सेवा कशी केली हे सविस्तर लिहिलेलं होतं.

केतकीने आप्पांना फोन करून एकच मागणं केलं. तुम्ही गावोगाव चला, मी गाडी करते. बाया तुमचं ऐकतात. तुम्ही नुसतं म्हणा की तपासून घ्या. आप्पा म्हणाले, मी असं म्हणालो की त्याचा अर्थ काय होईल, तुला कळतंय ना. तिने आशामतीचं सांगितलं, सालासकट. तुम्ही म्हणाला होतात थांबवलं, असंही म्हणाली. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दिवाळीच्या तोंडावर टोळ्या बांधायची वेळ आली, तेव्हा मुकादमांनी नवीच टूम काढली. ते जोडप्याला कामावर घेण्याआधी बाईचा घड्याळाचा कागद मागू लागले. ज्या बाईची रेषा खाली चाललेली, ती फडात कोयता कुठं टाकील, वाट चुकेल, मध्येच सोडून जाईल, मग आमचा हंगाम बुडतो, असं त्यांचं म्हणणं. रेषा सरळ असेल तर काम, कललेली असेल तर नवऱ्याने दुसरी जोडीदारीण आणावी. काहींनी आणलीही. कागद बायकोचा, पण तो नवऱ्यांच्या खिशात आला. पिंपरणीच्या दारावर त्या महिन्यात तीन बायका आणून सोडल्या गेल्या, तिघीही स्वतःचं नावगाव नीट सांगणाऱ्या. केतकीने त्यांना दाखल करून घ्यायला नकार दिला आणि नवऱ्यांना परत बोलावलं. आला एकच. तपासणीचे निकाल फक्त त्या बाईच्याच हाती द्यावेत म्हणून तिने वर लिहिलं, मुंबईला खेपा घातल्या. आदेश निघाला तोवर टोळ्या कारखान्यांवर पोचल्या होत्या. जिच्यासाठी यंत्र आणलं, त्याच बाईला त्या यंत्राने घराबाहेर काढलं होतं.

आशामती त्या वर्षी फडावर गेली नाही. तिच्याही नवऱ्याकडे मुकादम कागद मागून गेला होता. ती नोव्हेंबरमध्ये एकटीच धामणखेडच्या पोलीस ठाण्यात गेली आणि डॉ. मुकुंद उंबरकर यांच्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे म्हणाली. तिला दोन दिवस बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी एका बाई फौजदाराने तक्रार लिहून घेतली. पण नुसत्या तक्रारीने भागत नव्हतं. चांगले अवयव, गरज नसताना, न विचारता काढले, आणि तसं करणं धोक्याचं आहे हे डॉक्टरला त्या वेळी माहीत होतं, हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. धामणखेडमधला एकही डॉक्टर तयार झाला नाही.

फौजदारबाईंनी केतकीला फोन केला तेव्हा अगदी संकोचाने विचारलं. तुमच्यावर बंधन नाही म्हणाल्या. केतकीने दुसऱ्या दिवसाची वेळ मागून घेतली.

जबाब द्यायला दुपार गेली. यंत्र काय दाखवतं, आशामतीच्या रेषेत काय आहे, ते तिने सांगितलं. डॉक्टरला माहीत होतं हे कशावरून, असं विचारल्यावर तिने जुलैमधलं अंगणातलं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. आशामती कोपऱ्यातल्या बाकावर बसून होती. बाहेर पडताना ती केतकीबरोबर फाटकापर्यंत चालत आली.

"ताई, तुमी आज कुठं राहनार?" तिने विचारलं. केतकीने घरी, असं सांगितलं. आशामती जरा घुटमळली. मग म्हणाली, "नसल ऱ्हावत तर आमच्याकडं या."

आप्पा ओसरीवर बसले होते. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं, ते त्यांच्या बसण्यावरूनच दिसत होतं. केतकी पायरीवर बसली. अजून ऊन होतं. समोरच्या रस्त्याने शाळेतून सुटलेली मुलं चालली होती, आणि त्यातल्या दोघातिघांनी सवयीने आप्पांना नमस्कार केला. आप्पांनी हात वर केला नाही.

"काय काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मधे एकदा त्यांनी एका औषधाचं नाव दुरुस्त केलं.

"मी तुम्हाला एकच विचारायला आलेय," केतकी म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं. आईची अवस्था रोज डोळ्यांसमोर होती. सकाळी तिला भरवून तुम्ही ऑपरेशनला जात होता. मग का थांबला नाहीत?"

आप्पा रस्त्यावरून जाणाऱ्या शेवटच्या मुलाकडे बघत होते.

"तू सात वर्षांची असताना तिला फार अंगावर जायचं," ते म्हणाले. "बाहेर कुठे नेली नाही मी तिला. आपल्याच टेबलावर घेतली. पिशवीत गाठी होत्या, ती काढायलाच हवी होती. ओव्हरीज चांगल्या होत्या. बदामासारख्या, स्वच्छ. बघितल्या होत्या मी. काढल्या. काढायचोच सगळ्यांच्या."

आईचं ऑपरेशन झालं होतं एवढंच केतकीला आठवत होतं. त्या दिवसांत तिला मावशीकडे पाठवलं होतं.

"ती विसरायला लागली तेव्हा मी सगळं वाचून काढलं," आप्पा म्हणाले. "आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर बाई होती. तिच्या ठेवल्या असत्या तर तुझ्या आईच्या का नाही ठेवल्या, हे मला स्वतःला सांगावं लागलं असतं. म्हणून तिच्याही काढल्या. मग तिच्या पुढचीच्या. थांबलो असतो ना केतकी, तर मीच तुझ्या आईला तसं केलं हे कबूल केल्यासारखं झालं असतं."

कामाची बाई दिवा लावायला बाहेर आली आणि दोघांना तसं बसलेलं पाहून आत गेली. केतकीला पिंपरणीचा सात नंबरचा वॉर्ड आठवला. आजार तोच, वयही जवळपास तेच. फक्त आईला स्वच्छ अंथरूण मिळालं, रोज केस विंचरणारं माणूस मिळालं, म्हणून ती केतकीच्या आलेखात कधी आलीच नव्हती. आणि ते केस कोण विंचरत होतं, का विंचरत होतं, हे आता कळून काही उपयोग नव्हता.

"हे उद्या तिथे येऊन सांगाल?" तिने विचारलं.

आप्पांनी मान हलवली. नकाराची. "माझ्याच्याने नाही व्हायचं," ते म्हणाले. "तू सांग."

केतकीने पायरीवरची पिशवी उचलली. तिच्या खोलीत अंथरूण घातलेलं होतं, ते तिला ओसरीवरून दिसत होतं. ती आत गेली नाही. आशामतीचं घर वस्तीच्या टोकाला होतं, ते तिने विचारत विचारत शोधून काढलं. आशामतीने भाकरी वाढली आणि पोरांना बाजूला सरकवून तिला जागा केली.

सकाळी ठाणं उघडल्यावर दोघी पुन्हा तिथे गेल्या. कालच्या जबाबात भर घालायची आहे, केतकी म्हणाली. फौजदारबाईंनी कागद ओढला आणि आणखी कुणी बाई आहे का, असं विचारलं.

"आहे. शैला मुकुंद उंबरकर. वारली."

"तुमची कोण?"

"आई," केतकीने सांगितलं, आणि पुढचं सांगायला सुरुवात केली.